स्टेअरिंग का थरथरतं?



आपल्या हिंगणघाटात चारचाकी चालवणाऱ्या बायका आता पुष्कळ दिसतात. कुणी वर्ध्याला नोकरीला जातं, कुणी सासूबाईंना नागपूरच्या दवाखान्यात नेतं, कुणी पेरणीच्या दिवसांत शेतावर डबा पोचवतं. पण गाडीत काही बिघाड वाटला की गॅरेजमध्ये आपण एवढंच म्हणतो, "भाऊ, गाडी जरा हलते." मग भाऊ सांगतील तो बिघाड आणि देतील ते बिल. म्हणून गाडी केव्हा आणि कशी हलते, हे सांगता यायला हवं. अर्धं निदान तिथंच होतं.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा. थरथर नुसतं चालवताना होते, की ब्रेक दाबल्यावरच?

नुसतं चालवताना, साधारण ८० च्या पुढे होत असेल, तर बहुतेक वेळा दोष चाकात असतो. गावात ३० ते ४० च्या वेगाने फिरताना तो कळतही नाही. नागपूर रस्त्याला, म्हणजे ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाला लागलं की कळतो. समृद्धी महामार्गावर तर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तिथे तो लपूच शकत नाही.

आपल्याकडचं खास कारण म्हणजे काळी माती. पावसाळ्यात शेताच्या पांदणीतून गाडी काढली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि वाळून दगडासारखा होतो. बाहेरून गाडी धुतलेली, चकचकीत, आणि आत एकाच बाजूला ढेकूळ. समजा ते फक्त ५० ग्रॅमचं आहे. छोट्या मोटारीचं चाक १०० च्या वेगाला सेकंदाला सुमारे १५ वेळा फिरतं आणि तेवढंसं ढेकूळ दर फेऱ्याला जवळपास ८ किलोचा हिसका देतं. वेग दुप्पट झाला की हिसका चौपट होतो. म्हणून गॅरेजला जाण्याआधी पाण्याचा पाइप चाकाच्या आतून मारून बघा. कितीतरी वेळा काम तिथंच भागतं.

चिखल नसेल तर टायरवरून हात फिरवा, अर्थात गाडी उभी करून, टायर गार झाल्यावर. कुठे फुगवटा लागला तर आतले धागे तुटलेले असतात. त्या टायरवर हायवेला जाऊ नका, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. खड्ड्यात आदळून रिम वाकलेली असू शकते. पंक्चर काढताना रिमवरचं शिशाचं छोटं वजन पडून गेलेलं असू शकतं. थरथर हातात, स्टेअरिंगवर जाणवते तेव्हा संशय पुढच्या चाकांवर घ्या. सीटखाली जाणवते तेव्हा मागच्या.

इथे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट यांची गल्लत होते. थरथरीवर इलाज बॅलन्सिंगचा. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतो, तेव्हा अलाइनमेंट. दोन्ही केल्याने नुकसान काही नाही, पण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

एक गोष्ट मात्र थांबून ऐका. चाक नुकतंच बदललं आहे आणि कमी वेगातही गाडी डगमगायला लागली, तर लगेच बाजूला घ्या आणि नट तपासा. नट सैल राहिले तर चाक निखळतं. "घरी पोचल्यावर बघू" हे इथे चालत नाही.

आता ब्रेक. ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरतं आणि पायाखालचं पॅडल धडधडतं, तर दोष बहुधा पुढच्या डिस्कचा. मिस्त्री म्हणतात "डिस्क वाकली." पुष्कळदा ती वाकलेली नसते, कुठे जाड कुठे पातळ झालेली असते. तिच्यावरून पॅड फिरतात आणि तो चढउतार आपल्या पायाला लागतो. चाकाचे नट मशीनने कमीजास्त आवळले, तरी हळूहळू असं होतं. डिस्क लेथवर घासून सपाट करता येते, पण तिची कमीत कमी जाडी ठरलेली असते आणि बऱ्याचदा ती डिस्कवरच कोरलेली असते. "भाऊ, आधी मोजा, मग घासा," असं बिनधास्त सांगा. पातळ डिस्क घासून घेण्यापेक्षा नवी टाकलेली बरी.

अचानक जोरात ब्रेक मारला आणि पॅडल टरटर करत पाय मागे ढकलू लागलं, तर घाबरू नका. ते एबीएस आहे, त्याचं काम चाललं आहे. पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर कुठल्यातरी एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा नीट लागत नाही. प्रवासानंतर एकाच चाकाजवळ जळका वास आणि धग येत असेल, तर तो अडकलेलाच समजा. बारीक किंचाळी आली तर पॅड संपत आले असतील, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला की ते संपलेच.

सगळ्यात वाईट लक्षण मात्र बिनआवाजाचं असतं. पॅडल मऊ लागतं, दाबून ठेवलं तर हळूहळू खाली जातं. ब्रेक ऑइल गळतंय, आत हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. अशी गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रींना घरी बोलवा. रस्त्यातच असं झालं तर पॅडल पटपट दाबा-सोडा, गिअर एकेक करून खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर गाडी फिरते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा मुरलेलं ऑइल लवकर उकळतं आणि नेमकं उतारावर पॅडल मऊ पडतं. नावात घाट असला तरी आपल्या गावाला घाटरस्ता नाही, म्हणून याकडे कुणी लक्ष देत नाही. पण मुलं सुट्टीत चिखलदऱ्याला जाऊ म्हणतातच. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, आणि उतरताना खालचा गिअर ठेवा, सारखा ब्रेकवर पाय नको.

गॅरेजला जाताना एवढं कागदावर लिहून न्या: कितीच्या वेगाला, हातात की सीटखाली, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, आणि कधीपासून. काम झालं की जुने पॅड मागून घ्या आणि मिस्त्रींना शेजारी बसवून एक चक्कर मारा. स्टेअरिंग मात्र तुमच्या हातात असू द्या, कारण थरथर कशी होती ते तुम्हालाच माहीत आहे.