इंफाळचे हरिकेन, दहा इंचांत

हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचा पंखविस्तार ४० फूट. त्याला ४८ ने भागले की बरोबर १० इंच येतात. १:४८ प्रमाणातले त्याचे मॉडेल म्हणूनच पुस्तकांच्या कपाटात आरामात मावते. किटच्या खोक्यावरचे चित्र मात्र बहुधा एकाच जागेचे असते: १९४० च्या उन्हाळ्यातले इंग्लंडचे आकाश आणि धूर सोडत कोसळणारे जर्मन बॉम्बर. चित्र खोटे नाही, पण त्यात हरिकेनची सगळी हकीकत येत नाही. याच विमानातून १९४४ साली भारतीय वैमानिक इंफाळच्या खोऱ्यावरून उडत होते आणि त्यांची विमाने इंग्लंडातल्या विमानांसारखी दिसत नव्हती. हा फरक दहा इंचांत दाखवायचा, तर मॉडेल बांधून अर्धेच काम होते. उरलेले अर्धे ते मळवण्यात आहे. या छंदातले लोक त्याला वेदरिंग म्हणतात.

भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली. जवळ वेस्टलँड वापिती जातीची चार विमाने, मूठभर अधिकारी आणि ‘हवाई सिपाही’ म्हणवले जाणारे जवान, एवढाच संसार. अकरा वर्षांनी हीच स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन आयआयसी घेऊन इंफाळला होती. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तो २२ जूनला उठला. या काळात हरिकेनांचे मुख्य काम टेहळणीचे होते. झाडांच्या शेंड्यांलगत उडून जपान्यांच्या वाटा, पूल आणि तळ शोधायचे, आणि सापडले की पंखांतल्या चार २० मिलिमीटरच्या तोफांनी मारा करायचा. अर्जन सिंग यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले ते याच मोहिमेत, आणि लॉर्ड माउंटबॅटन यांनी ते त्यांना रणक्षेत्रातच दिले. हे हरिकेन बांधायला घेणाऱ्याने एवढे आधी वाचलेले असावे. कारण मॉडेलवरचा प्रत्येक डाग या कामातून आलेला असला पाहिजे.

किटच्या जन्माबद्दल थोडेच सांगतो. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५३ साली १:७२ प्रमाणातला स्पिटफायर बाजारात आणला. एक इंच म्हणजे सहा फूट असा हिशेब. तिथून प्लॅस्टिकची विमाने घरोघरी पोचली. आज पोलंडच्या आर्मा हॉबीसारख्या कंपन्यांचे हरिकेन इतके नेमके असतात की पुट्टी आणि पॉलिश पेपरचे काम पूर्वीच्या मानाने फार कमी उरले आहे.

खरी मौज विमानाच्या रचनेत आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले, तेव्हा विमानबांधणीचे एक युग संपून दुसरे सुरू होत होते. हरिकेनमध्ये ही दोन्ही युगे एकत्र नांदतात. नाकापासून कॉकपिटपर्यंत धातूचे पत्रे. त्यामागे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कमानी आणि पट्ट्या, आणि वर ताणून बसवलेले, डोप (कापड ताठ करणारा लेप) लावलेले कापड. पंख आधी कापडाचेच होते, पुढे धातूचे झाले. शेपटीकडचे सुकाणू आणि पंखांच्या टोकांकडचे हलणारे भाग शेवटपर्यंत कापडाचेच राहिले. सैनिकांच्या दृष्टीने याचा मोठा फायदा होता. गोळी कापडातून आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा उडवता येई.

मॉडेल करणाऱ्याला यातून एक कडक नियम मिळतो. रंगाचा टवका उडून चंदेरी अॅल्युमिनियम दिसते ते फक्त धातूवर. कॉकपिटच्या मागे चंदेरी ओरखडा काढला की मॉडेल तिथेच खोटे पडते, मग बाकीचे काम कितीही सुबक असो. कापड फिके पडते, डागाळते, ठिगळ घेते, पण चमकत नाही. पंख्याच्या पात्यांचेही तसेच. रोटॉल कंपनीची अनेक पाती दाबलेल्या लाकडाची असत, तेव्हा तिथे चांदी शोधू नये. गंज चढतो तो एक्झॉस्टच्या नळकांड्यांवर, तापून तापून तपकिरी झालेल्या. अंगावरच्या पत्र्यांवर गंजाचे ओघळ काढणारे लोक विमानाला जहाज समजतात.

टवके कुठे उडतील हेही ठरलेले आहे. हरिकेनमध्ये वैमानिक डाव्या बाजूने चढत असे. त्यासाठी पोटाखालून बाहेर येणारी एक पायरी होती. म्हणून डाव्या पंखाचे मूळ उजव्यापेक्षा जास्त झिजलेले हवे. इंजिनाची झाकणे रोज निघत, त्यांच्या कडा आणि स्क्रूंची डोकी उघडी पडत. तोफांचा दारूगोळा भरायची झाकणे पंखांवर, तिथे शस्त्रकारांचे गुडघे आणि बूट लागत. रिकामी काडतुसे पंखाखालून बाहेर पडत, म्हणून तिथे काजळी. मर्लिन इंजिन तेल गाळत असे, त्याचे ओघळ पोटावरून वाऱ्याच्या दिशेने मागे जातात.

रंगाचा क्रम असा. आधी प्रायमर, मग धातूच्या भागांवर अॅल्युमिनियम रंग, तो पक्का वाळला की त्यावर केसांना मारतात तो साधा हेअरस्प्रे. त्यावर एअरब्रशने गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली राखाडी. तासाभराने ओल्या ब्रशने नेमक्या जागा घासल्या की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खऱ्या टवक्यासारखा निघतो. हवाई दलाचे गोल चक्र आणि खुणा लावताना लक्षात ठेवायचे की ब्रह्मदेश आघाडीवर चक्रातला लाल ठिपका तोवर काढून टाकला होता. जपानी विमानांवर लाल सूर्य असे, आणि आपल्याच तोफखान्याने आपलेच विमान पाडू नये म्हणून ही काळजी. इंग्लंडमधल्या विमानाच्या किटचे लाल मध्य असलेले डिकॅल (चिकटवायचे चित्र) इंफाळच्या विमानावर चालत नाही.

आता माझे ठाम मत. आज बहुतेक मॉडेल्स जरुरीपेक्षा जास्त मळवली जातात. किटवरच्या पॅनेलच्या खाचा काळ्या वॉशने, म्हणजे पातळ केलेल्या रंगाने, भरायच्या, ही सवयच झाली आहे. पण १:४८ मध्ये ०.२ मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्या विमानात जवळपास एक सेंटिमीटरची फट. त्यात काळा रंग भरला तर पत्रे सुटायला आलेले दिसतात. खाचेत रंगाच्या जरा गडद छटेचाच वॉश द्यावा, तोही सगळीकडे सारखा नको. मिलिमीटरभराचा टवका म्हणजे खऱ्या पत्र्यावर पाच सेंटिमीटरचा, एवढे ध्यानात ठेवले तरी हात आपोआप आखडतो. ब्रशपेक्षा स्पंजच्या तुकड्याने आणि टोकदार रंगपेन्सिलीने बारीक टवके छान येतात.

इंफाळपुरता ऋतूचाही विचार करावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये धूळ. ती चाकांवर, पोटाखाली, पंखाच्या मागच्या अर्ध्या भागावर बसते. तिथे कोरडे पिगमेंट हलक्या हाताने लावावे. जूननंतर चिखल, आणि पावसाने धुतलेला वरचा भाग. वेढ्यात सगळी रसद विमानाने यायची, तेव्हा रंगाचे डबे सगळ्यांत शेवटी येत असणार. म्हणून डागडुजीची जागा हाताने ब्रशने रंगवलेली, आजूबाजूपेक्षा थोडी गडद दाखवावी. असा एक ताजा चौकोनी डाग दहा ओरखड्यांपेक्षा जास्त बोलतो. तो यांत्रिकांच्या हातचा असतो. वैमानिकांची नावे इतिहासात आली. विमान रात्रीतून उभे करणाऱ्या फिटरांची फारशी आली नाहीत. मॉडेलवर त्यांची खूण राहावी असे मला मनापासून वाटते.

आपल्या हवामानाची एक सूचना. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकर वार्निश मारू नका. हवेतली ओल त्यात अडकते आणि सगळे मॉडेल पांढुरके पडते. जून ते सप्टेंबर बांधणी करा, शेवटचे मॅट वार्निश ऑक्टोबरच्या उन्हात.

दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयातले हरिकेन जरूर पाहा, आणि मागे जाऊन कापडी भाग नीट न्याहाळा. त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. कुणाचे आजोबा किंवा पणजोबा त्या काळी हवाई दलात फिटर, रिगर, शस्त्रकार असतील, तर घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. विमानाशेजारी उभे राहून काढलेला, कडा दुमडलेला एखादा कृष्णधवल फोटो सापडेल. त्याची चांगली प्रत काढून ठेवा, मागे लिहिलेले गाव आणि तारीख जपा आणि तो मॉडेल बांधणाऱ्यांना, संग्रहालयांना दाखवा. पंखावरचा डाग नेमका कुठे होता, हे सांगणारा पुरावा आता बहुतेक अशा फोटोंतच उरला आहे.