एका तासाचा सराव : कोण खेळलं, कोण उभं राहिलं?

आजचा विषय मैदानावरचा आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात कशाला पडायचं, असं कुणी म्हणेल. पण शिकणं म्हणजे नेमकं काय, हा आपला जुनाच प्रश्न आहे, आणि तो मैदानावर अगदी उघडा दिसतो.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घेऊ. २००१ साली हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली मुलं भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मुळे, २०२२ साली, ही गोष्ट घरोघरी पोचली. आपण त्यातलं एकच लक्षात ठेवू : मुलं आधीपासूनच खेळत होती. खेळण्याची ओढ प्रशिक्षक देत नाही. ती मरू न देणं, हे त्याचं पहिलं काम.

ती मरते कशी? साधा हिशेब करू. वीस मुलं, एक चेंडू, गोलसमोर एक रांग. प्रत्येक पाळीला अर्धा मिनिट. वीस मिनिटांत एकेकाच्या वाट्याला दोन पाळ्या येतात. म्हणजे एक मिनिट खेळ आणि एकोणीस मिनिटं उभं राहणं! आता चार-चार जणांचे पाच गट करा, पाच चेंडू द्या. चेंडू प्रत्येकाच्या पायाशी साधारण पाच मिनिटं राहील. उरलेल्या वेळात तो जागा शोधत पळेल. चेंडू कमी असतील तर काही गटांना पकडापकडी द्या, आणि अदलाबदल करा. रांग मात्र नको.

गिल्बर्ट राईल यांनी १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत भेद केला. पोहण्याचे नियम पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. म्हणून प्रशिक्षकाचं भाषण जितकं लांबतं, तितकं मुलांचं शिकणं आखूड होतं.

मग तास आखायचा कसा? आधी एकच उद्दिष्ट ठरवू. समजा, आलेला पास पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं. दहा मिनिटं अंग मोकळं करणं, तेही चेंडूसह. वीस मिनिटं त्या कौशल्याचा सराव. वीस मिनिटं छोटे सामने, ज्यात तेच कौशल्य लागेल. शेवटची दहा मिनिटं अंग सैल करायला आणि बोलायला. सांगण्याआधी करून दाखवावं. एका वेळी एकच चूक सुधारावी. जमत नसेल तर जागा मोठी करावी, फार सोपं जात असेल तर लहान. आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर. पाण्याची सुटी ही शिस्तभंग नव्हे, आखणीचाच भाग आहे.

हे सगळं कुणासाठी? चपळ पोरगं कसंही शिकेल हो! प्रश्न त्या मुलाचा आहे, ज्याला घरून कुणी पाठवलेलं नाही. तो तीन दिवस रांगेत उभा राहतो, चौथ्या दिवशी येत नाही. त्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, त्यामुळे तो गेल्याचंही कुणाला कळत नाही. म्हणून तास संपला की किती गोल झाले, हे मोजण्याआधी सगळ्यांत कच्च्या मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, हे आपण मोजावं. उद्या तो परत आला, तर आजचा सराव चांगला झाला असं समजू या.