खानदेशचा भूगोल : दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याकडे

आज समोर सहावी ते आठवीची मुलं बरीच आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग हा माणूस भूगोलावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. तर आपल्याकडच्या न्यायशास्त्रात एक जुना दाखला आहे. डोंगरावर धूर दिसला, की तिथे आग आहे हे आपण ओळखतो. आग डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. याला अनुमान म्हणतात. प्राकृतिक भूगोल बराचसा असाच चालतो. जमिनीच्या पोटात काय आहे ते दिसत नाही, पण वर त्याच्या खुणा असतात. त्या वाचायला शिकायचं. आज आपण जळगाव-धुळ्याच्या चार खुणा वाचू.

पहिली खूण तापीची. नकाशा उघडा. गोदावरी, भीमा, कृष्णा या सगळ्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेला जातात, कारण महाराष्ट्राचं पठार पूर्वेकडे उतरतं. पाणी उताराने जाणार, यात नवल नाही. पण तापी मात्र उलटी. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ तिचा उगम, तिथून ती पश्चिमेला निघते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. चांगदेवला तिला येऊन मिळणारी पूर्णा, तीही पश्चिमेलाच वाहत आलेली.

आता धुळ्याची पांझरा बघा. ती सह्याद्रीकडून निघते, शहाण्या मुलीसारखी पूर्वेला वाहते, आणि धुळ्याच्या पुढे एकदम उत्तरेला वळून तापीकडे जाते. गिरणाही आधी पूर्वेला आणि मग उत्तरेला. याचा अर्थ काय? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधे काहीतरी सखल आहे, जे सगळं पाणी आपल्याकडे ओढून घेतंय. भूगोलाच्या पुस्तकात याला खचदरी म्हणतात. कवचाला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांच्यालगतचा भाग खाली खचला आणि बाजूचा उंच राहिला. तापीने ही वाट स्वतः कोरून काढली असं समजू नका. तिला ती बरीचशी तयार मिळाली.

सुरत-भुसावळ रेल्वे याच खोऱ्यातून आली आणि बुऱ्हाणपूरकडची वाटही डोंगरांमधल्या खिंडीतूनच जाते. नदी, फौजा, व्यापारी, आगगाडी, सगळ्यांनी जमिनीचं ऐकलं.

दुसरी खूण गरम पाण्याची. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेव आहे. तिथे बाराही महिने गरम पाणी येतं. मुलं लगेच म्हणतात, "सर, खाली ज्वालामुखी असेल!" नाही. इथला लाव्हा कधीच थंड झाला. त्याचं असं आहे, की जमिनीत खोल जाल तसं तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचं पाणी भेगेतून खूप खोल उतरलं, तापलं, आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर आलं, तर ते गरमच येणार. म्हणजे गरम पाणी हा धूर, आणि खोलवरची भेग ही आपली आग. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळही उनपदेव आहे, तोही सातपुड्याच्या पायथ्यालाच. दोन्ही ठिकाणं नकाशावर टिंबांनी दाखवा आणि सातपुड्याच्या कडेशी ताडून पाहा.

तिसरी खूण धुळ्याकडची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. उंच शंकूतून उसळणारा, चित्रातला ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. जमिनीच्या लांब भेगांतून लाव्हा बाहेर यायचा, पसरायचा, थंड व्हायचा. मग त्यावर दुसरा थर. असे थरावर थर बसून बेसॉल्टचं पठार तयार झालं. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. आपला काळा दगड तो हाच.

काही ठिकाणी शिलारस त्या भेगांतच गोठला. तो उभा गोठला, भिंतीसारखा. भूशास्त्रात त्याला भित्तीच म्हणतात. धुळे आणि नंदुरबारच्या पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भित्ती नोंदलेल्या आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. आजूबाजूचा खडक झिजला आणि कठीण भित्ती उरली, की माळावर सरळ रेषेत जाणारी टेकड्यांची ओळ दिसते. साक्री, धुळे, नंदुरबारकडे एसटीने जाताना खिडकीतून नीट बघा. कुणीतरी तट बांधून अर्धवट सोडल्यासारखं दिसतं.

ही भिंत जमिनीखालीही असते, आणि अनेकदा ती भूजलाला आडवी येते. मग एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असं होऊ शकतं. शेतकरी म्हणतो, नशीब. पण बऱ्याचदा नशिबाच्या आधी दगड विचारावा लागतो. भित्ती फुटलेली, भेगाळलेली असेल तर तीच पाणी देते, हेही लक्षात ठेवा.

चौथी खूण सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून तिथे जरा थांबू. तापीच्या उत्तरेला यावल, रावेर, चोपडा हा केळीचा मुलूख. इथे वरून पाहिलं तर सपाट, काळी, सुपीक जमीन. धुळ्याकडेही काळी जमीन आहेच. पण खाली फार फरक आहे. धुळ्याकडे बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की काळा दगड लागतो आणि पाणी त्याच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत असतं. खचलेल्या तापी खोऱ्यात मात्र नद्यांनी हजारो वर्षं वाळू, गोटे, माती आणून टाकली. तो गाळ काही ठिकाणी ३०० मीटरपेक्षाही जाड आहे. म्हणजे पाण्याची केवढी मोठी कोठी!

पण या कोठीचं तोंड कुठे आहे? सातपुड्यातून नाले धावत उतरतात. पायथ्याशी उतार एकदम कमी होतो, पाण्याचा जोर ओसरतो, आणि मोठाले गोटे, जाड वाळू तिथेच पडते. या पट्ट्याला बझाडा म्हणतात. त्यातून पाणी झपाट्याने खाली मुरतं आणि आतल्या आत तापीच्या दिशेने सरकतं. शेतातली काळी माती तसं करत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिला पाऊस त्यांत जातो, पण माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरूनच वाहून जातं.

घरी करून बघा. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या घ्या, बूड कापा, तोंडाला फडकं बांधून उलट्या धरा. एकीत गोटे आणि वाळू, दुसरीत शेतातली काळी माती. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता आणि घड्याळ लावा. एका बाटलीतून पाणी किती लवकर येतं आणि दुसरीत ते किती वेळ थांबून राहतं, ते वहीत लिहा.

आता हिशेब मांडू. केळीला पाणी भरपूर लागतं. जळगावचा पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. मोटेच्या काळात बैल ओढतील तेवढंच पाणी निघायचं. वीज आली, पंप आले, कूपनलिका आल्या, आणि मुरतं त्यापेक्षा उपसा वाढला. सरकारी भूजल मोजणीत रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. पाणी खाली गेलं की शेतकरी आणखी खोल जातो, मग शेजारी त्याच्याहून खोल. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही, त्याची विहीर आधी आटते.

उपाय चालू आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला तापीचं पाणी वळवून मुरवण्याच्या मोठ्या योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून त्यांवर बंधारे बांधले, त्याला लोक 'शिरपूर पॅटर्न' म्हणतात. पण कुठलाही उपाय उचलून दुसऱ्या गावी नेण्याआधी खाली काय आहे ते विचारायला हवं. गोट्यांच्या पट्ट्यात पाणी मुरेल. अखंड कातळावर तेच पाणी साठून उन्हाने उडून जाईल. दोन्हीकडे खर्च तोच.

आणि एक गोष्ट दगडापलीकडची. शेताला बांध असतो, सातबारा असतो. खालच्या पाण्याला बांध नाही. ते पायथ्याला मुरलं, चार गावांखालून सरकत आलं, आणि आपल्या पंपाने वर आलं. मग ते कुणाचं?

या प्रश्नाला आपल्याच भागात एक जुनं उत्तर आहे. पांझरेच्या काठी काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी ते फिरवायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, नेमणूक गावाचीच. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. एकाच शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत असायची, त्यामुळे तूट एकट्यावर पडत नसे. नदीचं पाणी डोळ्यांना दिसत होतं, म्हणून ते सामाईक आहे हे पटायला सोपं गेलं. भूजल दिसत नाही. ते सामाईक आहे हे कळायला अनुमान लागतं, आणि अनुमान शिकवावं लागतं. सहावीच्या वर्गात भूगोल शिकवायचा तो एवढ्यासाठी.

मुलांनो, या उन्हाळ्यात एक काम करा. गावातल्या पाच विहिरी निवडा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, कठड्याबाहेरूनच, दोरीला दगड बांधून पाणी किती हातांवर आहे ते मोजा. विहिरीच्या कडेला वरून खाली काय दिसतं, माती, मुरूम, गोटे की काळा दगड, ते लिहा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा आणि ग्रामसभेच्या दिवशी ती वही घेऊन जा. पाच विहिरींच्या आकड्यांसमोर मोठ्यांनाही खाली बघून विचार करावा लागेल.