सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का?

घरचा सातबारा कधी नीट वाचलाय? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी किंवा बाबांच्या पीककर्जासाठी मोबाईलवर काढला असेल, पीडीएफ पुढे ढकलली असेल, संपलं. आता एकदा उघडून बघाच. आजोबांच्या नावाला कंस, त्याखाली काका, बाबा, आत्या अशी नावांची रांग आणि पुढे 'सामाईक क्षेत्र'. म्हणजे धानाची कोणती बांधी कोणाची, हे कागदाला माहीतच नाही. तोंडी वाटणी होऊन धुरे पडले, वीस वर्षं सगळे आपापलं वावर वाहतात, पण कागदावर सगळं सगळ्यांचं.

जोवर पैसा मधे येत नाही, तोवर हे चालून जातं. मग चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा येतो. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. जमीन दोन एकर, सातबाऱ्यावर नावं पाच, नोकरी एक. भावाभावांचं बोलणं कुठे बंद होतं, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्या सहहिस्सेदारांचं एकमत असेल, तर महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदार वाटप करून देतात. एकानेही नाही म्हटलं की दिवाणी कोर्ट. तिथे हिस्से ठरले, तरी शेतसाऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष फोड पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच होते. तोवर एखादी पिढी कोर्टाच्या पायऱ्यांवर जाते.

या सगळ्या भांडणात आत्या मात्र दिसत नाही. तिने बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. 'भावाशी भांडायचं का?' या एका वाक्यावर किती एकर जमीन फिरली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. बदल्यात साडीचोळी. सही राजीखुशीने असेल तर प्रश्न नाही. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं आणि एकदा नोंदलं की सहजी मागे घेता येत नाही, हे सही करण्याआधी तिला कोणी सांगतं का?

आता आपल्या भागातली खरी मेख. कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणी धरा. एक कुणबी घरची, एक गोंड घरची. पहिलीच्या बाजूने कायदा स्वच्छ आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला होता, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राची दुरुस्ती २००५ मध्ये आली. ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. दुसरीला यातलं काहीच लागू नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) म्हणतं, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते. आणि रूढी काय, हे सांगणारे बहुतेक वेळा काकाच असतात!

म्हणून १७ जुलै २०२५ चा निकाल आपल्यासाठी मोठा आहे. प्रकरण शेजारच्या छत्तीसगडचं, कुटुंब गोंड. आजोबांना पाच मुलगे, एक मुलगी. त्या मुलीच्या वारसांनी आईचा हिस्सा मागितला. खालच्या कोर्टांपासून हायकोर्टापर्यंत सगळीकडे हरले. कारण काय, तर मुलीला हिस्सा मिळण्याची रूढी तुम्ही सिद्ध केली नाही. न्यायमूर्ती संजय करोल आणि जयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने हा प्रश्नच उलटा केला. मुलीला हिस्सा मिळत नाही, अशी रूढी तरी कोणी सिद्ध केली? दोन्हीकडून रूढी सिद्ध झाली नाही, तर तिला नाकारायला आधार उरत नाही. संविधानाचं कलम १४ पुढे येतं. मुलीच्या वारसांना समान हिस्सा मिळाला.

पण लगेच 'आता सगळ्या आदिवासी मुलींना हक्क मिळाला' असं स्टेटस ठेवू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानेच हिमाचलच्या प्रकरणात सांगितलं की, हिंदू वारसा कायदा जमातींना कोर्टाच्या आदेशाने लावता येणार नाही. म्हणजे जुलैच्या निकालाचा आधार समानता हा आहे, तो कायदा नव्हे. प्रत्येक मुलीला आपली केस स्वतंत्रच लढावी लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये कोर्टाने केंद्राला कलम २(२) चा विचार करा असं सुचवलं होतं. तेही प्रकरण संपादित जमिनीच्या मोबदल्यातल्या मुलीच्या हिश्शाचं होतं. खाणपट्ट्यातल्यांना हे ओळखीचं वाटेल.

गंमत म्हणजे, जंगलातल्या जमिनीचा कायदा या बाबतीत पुढे निघाला. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे वैयक्तिक पट्टा विवाहित असल्यास नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. तो विकता येत नाही, वारसांकडे जातो. गडचिरोलीत असे पट्टे असलेली घरं आपल्या ओळखीत सहज सापडतात. त्याच घराच्या सातबाऱ्यावर मात्र आईचं नाव बाबा गेल्यावरच चढतं, तेही कोणी अर्ज केला तर.

वारस नोंदीचा फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण भांडण तिथूनच सुरू होतं. नोटीस तलाठी कार्यालयात लागते. तुम्ही तेव्हा नागपूरला किंवा पुण्याला होस्टेलवर असता. घरी कोणाचं निधन झालं असेल, तर तेरवीनंतरच्या महिन्यात एक फोन तलाठ्याला करा आणि वारसांच्या यादीत आजी, आई, आत्या, बहीण आहेत का, हे नावं वाचून घेऊन विचारा.