काय तक्रार आहे?

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काय तक्रार आहे?’ मराठीत दुखण्यालाही तक्रार म्हणतात आणि गाऱ्हाण्यालाही. पोटाची तक्रार सांगितली म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. उलट किती दिवसांपासून, कोणत्या वेळी, कशाने वाढते, असे खोदून विचारतात. कारण त्या तक्रारीमागे आजार काय आहे, हे त्यांना शोधायचे असते. तीच तक्रार वॉर्डातल्या वागणुकीबद्दल, वृद्धाश्रमातल्या जेवणाबद्दल किंवा पेन्शनच्या कागदांबद्दल केली, की मात्र समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात. वृद्ध आणि परावलंबी माणसांच्या बाबतीत या आठ्या महागात पडतात. गाऱ्हाण्याकडेही लक्षण म्हणून पाहिले, तर सेवा सुधारते आणि कधी कधी जीवही वाचतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचेच उदाहरण घ्या. त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असे परिचारिकांना शिकवले जाते. तसे झाले नाही तर हाडांच्या उंचवट्यांवरच्या त्वचेचा रक्तपुरवठा दबतो, कातडी लाल होते आणि पुढे जखम पडते. ‘आईला कुणी कुशीवर वळवत नाही,’ ही मुलीची कुरकुर म्हणजे त्या जखमेची आगाऊ सूचना असते. ती ऐकली तर काम पाच मिनिटांचे. दुर्लक्ष केले तर पुढे कित्येक आठवडे मलमपट्टी करावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतो तो वेगळाच.

न बोलणारे रुग्ण

अडचण अशी, की ज्यांना सर्वांत जास्त त्रास होतो तेच सर्वांत कमी बोलतात. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? जो आपल्याला जेवण भरवतो, शौचाला नेतो, औषध देतो, त्याच्याविरुद्ध बोलायचे आणि पुन्हा त्याच्याच हातून पाणी प्यायचे, हे अवघड असते. घरी सुनेबद्दल, मुलाबद्दल किंवा ब्यूरोतून येणाऱ्या मावशींबद्दल बोलायचे तर घरातले प्रकरण चव्हाट्यावर येण्याची भीती. स्मृतिभ्रंश झालेल्याला काय घडले ते सांगताच येत नाही, आणि ऐकू कमी येणाऱ्याला आपले काही चुकवले गेले हे कळतही नाही. म्हणून एखाद्या ठिकाणी तक्रारी नाहीत म्हणजे सारे आलबेल आहे, असे समजणे धोक्याचे. ताप मोजलाच नाही, तर ताप नाही असे म्हणता येत नाही.

स्टॅफर्डचा धडा

याची मोठी किंमत इंग्लंडने मोजली. २००५ ते २००९ या काळात तिथल्या स्टॅफर्ड रुग्णालयात वृद्ध रुग्णांचे अतोनात हाल झाले. पाण्याचा पेला हाताला येणार नाही इतक्या दूर ठेवलेला असे, घंटा वाजवूनही कुणी येत नसे, रुग्ण घाणीत पडून राहत. नातेवाईक तक्रारी करत होते, पण प्रत्येक तक्रार सुटी मानून, दिलगिरीचे पत्र पाठवून मिटवली जात होती. शेवटी नातेवाईकांनी संघटना बांधली, सार्वजनिक चौकशी झाली आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारशी होत्या. धोक्याची सूचना तक्रारींच्या कागदांत आधीपासून होती. ते कागद एकत्र ठेवून वाचले गेले नव्हते.

कागद एकत्र वाचले की काय दिसते, हे संशोधकांनी तपासले आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील टॉम रीडर, अ‍ॅलेक्स गिलेस्पी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५९ अभ्यासांतील सुमारे ८८ हजार आरोग्यविषयक तक्रारींचा आढावा घेतला. त्यांचे साधारण तीन सारखे वाटे पडले : उपचार व सुरक्षितता, व्यवस्थापन, आणि माणसांशी वागणूक-बोलणे. म्हणजे तक्रार करणारा फक्त ‘नीट बोलले नाहीत’ म्हणून रुसलेला असतो, ही समजूत खोटी ठरते. ऑस्ट्रेलियात मेरी बिस्मार्क यांच्या गटाने २०१३ मध्ये अकरा वर्षांतील सुमारे १९ हजार तक्रारी तपासल्या. तिथल्या एकूण डॉक्टरांपैकी अवघ्या ३ टक्के डॉक्टरांकडे ४९ टक्के तक्रारींचा रोख होता. मोजणी केली की दुखणे नेमके कुठे आहे ते सापडते, आणि सरसकट सगळ्यांना दोष द्यावा लागत नाही.

माणसाला न्याय, पद्धतीत बदल

इंग्लंडमध्ये घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धाला अंघोळ घालायला माणूस पाठवणे, जेवणाची सोय करणे, वृद्धाश्रमात जागा मिळवून देणे, ही कामे स्थानिक परिषदेकडे, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे असतात. या सेवांच्या तक्रारींसाठी २००९ पासून नियम आहेत. तक्रारीची पोहोच कामकाजाच्या तीन दिवसांत द्यावी लागते. दरवर्षी अहवाल काढून किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या, त्या कशाबद्दल होत्या, हे सांगावे लागते. शिवाय त्या तक्रारींमुळे सेवेत काय सुधारणा केली, तेही लिहावे लागते. परिषदेने ऐकले नाही तर स्वतंत्र लोकपालाकडे जाता येते. तो दोन प्रकारच्या शिफारशी करतो. एक, त्या माणसाचे नुकसान भरून देणे. दुसरी, पुन्हा तसे होऊ नये म्हणून कामाची पद्धत बदलणे.

ही दुसरी शिफारस महत्त्वाची आहे. एका आजींची मावशी वेळेवर आली नाही म्हणून माफी मागितली, तर एका आजींचे समाधान होते. मावशी का आली नाही, दोन घरांमधल्या प्रवासाला वेळच धरला नव्हता का, हे शोधून वेळापत्रक बदलले, तर त्या भागातल्या सगळ्याच आजी-आजोबांना चहा आणि औषध वेळेवर मिळते.

आपल्याकडे घडलेले बदल

हे फक्त परदेशातच होते असे नाही. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय आली आणि बँकेतले हेलपाटे कमी होतील असे वाटले. पण अनेकांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. त्यामागे शरीरशास्त्र आहे. वय वाढते तशी त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिची लवचिकता कमी होते आणि ठशांच्या रेषा सपाट होत जातात. आयुष्यभर विळा, फावडे किंवा तापलेले लोखंड हाताळलेल्या हातांवर तर त्या आणखी झिजतात. ठसे न जुळण्याची ही अडचण पुन्हा पुन्हा पुढे येत राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय सुरू झाली आणि मोबाइलवरून घरबसल्या हयातीचा दाखला देता येऊ लागला. बोटांऐवजी यंत्रणा बदलली.

दुसरे उदाहरण न्यायालयाचे. वृद्धांच्या हक्कांसाठी डॉ. अश्वनी कुमार यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम किती आणि वृद्धांसाठी वैद्यकीय सोयी कोणत्या, याची माहिती राज्यांकडून घेण्याचे निर्देश त्यात होते. करोनाच्या साथीत याच प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये आदेश निघाला : पात्र वृद्धांची पेन्शन वेळेवर द्या आणि सरकारी रुग्णालयांत त्यांना प्राधान्याने दाखल करून घ्या. मार्च २०२१ मध्ये प्राधान्याचा हा नियम खासगी रुग्णालयांनाही लागू झाला.

कोल्हापुरात दाद कुठे?

कोल्हापुरात वृद्धाची काळजी घेणारी परिषदेसारखी एकच संस्था नाही. घर, ब्यूरोतून येणाऱ्या मावशी, वृद्धाश्रम, सीपीआर किंवा महापालिकेचा दवाखाना, आणि श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय, अशी ती वाटली गेली आहे. त्यामुळे दाद कुणाकडे मागायची इथूनच प्रश्न सुरू होतो.

मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वतः जाणे जमत नसेल तर अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. मुलांना नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो आणि महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. याच कायद्यात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आणि शक्य तेथे खाटा ठेवण्याचीही तरतूद आहे. ती दिसत नसेल, तर तीही तक्रार होऊ शकते.

शासकीय कामाच्या अडचणींसाठी नागाळा पार्कातील जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. मात्र चंदगडसारख्या शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या तालुक्यातून वृद्धाने येणे सोपे नाही. त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत तिथे सल्ला आणि मदत मिळते.

अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम उपयोगी पडतो. त्यात पहिले आणि दुसरे अपील खात्यातच होते, तिसरे आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोलाची तरतूद फारशी बोलली जात नाही. सेवा देण्याची कार्यपद्धती सोपी व पारदर्शक व्हावी म्हणून बदल सुचवण्याचा अधिकार या आयोगाला आहे. म्हणजे माणसाला न्याय आणि पद्धतीत बदल, ही दोन्ही दारे आपल्याही कायद्यात आहेत.

तक्रार लिहिताना

हे दुसरे दार उघडायचे तर तक्रारही तशी लिहावी लागते. ‘तुमचा कारभार भोंगळ आहे’ या वाक्यातून कुणालाच काही शोधता येत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले आणि त्याचा रुग्णावर काय परिणाम झाला, हे एका पानात लिहावे. केसपेपर, पावत्या यांच्या प्रती जोडाव्यात. पोहोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये. तोंडी सांगितले असेल तर कुणाला आणि केव्हा, याची टिपण ठेवावी. शेवटी दोन मागण्या वेगळ्या लिहाव्यात : आमच्या माणसासाठी काय करावे, आणि इतरांवर ही वेळ येऊ नये म्हणून काय बदलावे. शेजारच्या खाटेवरच्यांनाही तोच त्रास असेल तर त्यांचेही अर्ज सोबत द्यावेत. एक अर्ज अपवाद वाटतो, दहा अर्ज एकत्र आले की साथ दिसते.

उरलेला वाटा सेवा देणाऱ्यांचा आहे. रुग्णालय असो, वृद्धाश्रम असो वा तहसील कार्यालय, वर्षाच्या शेवटी दारावर एक साधा तक्ता लावायला फार खर्च येत नाही : एवढ्या तक्रारी आल्या, या कारणांच्या होत्या, त्यावरून हे बदलले. सांगून काही उपयोग होतो, हे अशा तक्त्यावरून दिसले, तर गप्प बसणारे आजोबाही तोंड उघडतील. आणि दुखणे लवकर कळले की उपाय सोपा असतो, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो.