पहिल्या तापानंतरचे फोटो

बाळाला दोन-तीन दिवस सणसणीत ताप असतो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. डॉक्टर लघवी तपासायला सांगतात, कल्चरमध्ये ई. कोलाय वाढतो, अँटिबायोटिक सुरू होतं आणि ताप उतरतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दुसरा प्रश्न येतो: आता या बाळाच्या मूत्रपिंडांच्या आणि मूत्राशयाच्या तपासण्या करायच्या का, आणि कोणत्या? या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दिलेलं उत्तर गेल्या साठ वर्षांत जवळजवळ उलटं झालं आहे. त्या बदलाची किंमत लहान मुलांनी मोजली, म्हणून त्याचा इतिहास पालकांनाही माहीत असायला हवा.

सुरुवात 1960 साली लंडनमध्ये झाली. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले क्ष-किरणतज्ज्ञ हॉडसन आणि एडवर्ड्स यांनी दाखवून दिलं की, ज्या मुलांच्या मूत्रपिंडांवर व्रण दिसतात त्यांच्यापैकी अनेकांची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. एरवी मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरला की ती आपोआप दाबली जाते आणि लघवीला परत जायला वाट राहत नाही. काही मुलांमध्ये हा तिरका भाग आखूड असतो, त्यामुळे झडप नीट मिटत नाही. यालाच रिफ्लक्स म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर हा भाग लांबतो आणि सौम्य रिफ्लक्स आपोआप जातो.

पुढे लंडनच्याच बालरोगतज्ज्ञ जीन स्मेली यांनी अशा मुलांना महिनोन् महिने अँटिबायोटिकचा छोटा डोस देण्याची पद्धत रुजवली. सत्तरच्या दशकात रॅन्सली आणि रिस्डन यांनी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग केले. रिफ्लक्स आणि जंतुसंसर्ग एकत्र आले की मूत्रपिंडावर व्रण कसा उठतो, हे त्यांतून दिसलं. साखळी पूर्ण झाली: संसर्ग, रिफ्लक्स, व्रण, आणि पुढे रक्तदाब किंवा मूत्रपिंड निकामी होणं. हे इतकं पटण्याजोगं होतं की प्रत्येक मुलात रिफ्लक्स शोधणं हे डॉक्टरचं कर्तव्यच ठरलं. सुरुवातीला शिरेतून औषध देऊन आयव्हीपी काढत. सोनोग्राफी आल्यावर ती मागे पडली. व्रण पाहायला डीएमएसए स्कॅन आला; त्यात टेक्नेशियमचं किरणोत्सारी औषध मूत्रपिंडात साठतं आणि जिथे साठत नाही तिथे इजा असल्याचं कळतं. आपल्याकडे परळला 1963 पासून रेडिएशन मेडिसिन सेंटर असल्यामुळे न्यूक्लिअर मेडिसिनची ओळख मुंबईला लवकर झाली. 1981 साली रिफ्लक्सच्या पाच पायऱ्या आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरल्या, आणि मुलाच्या केसपेपरवर आकडा लिहिला जाऊ लागला.

रिफ्लक्स दाखवणारी खरी तपासणी मात्र एमसीयू. ती कशी होते हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. मुलाला एक्स-रेच्या थंड टेबलावर उताणं झोपवतात. लघवीच्या जागेतून बारीक नळी मूत्राशयात सरकवतात. वर टांगलेल्या बाटलीतून पडद्यावर दिसणारं औषध थेंबथेंब आत सोडतात. किती सोडायचं याचा ढोबळ हिशेब असा: वयाच्या वर्षांत दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं, तेवढे मिलिलिटर, म्हणजे तीन वर्षांच्या मुलीला साधारण 150. मूत्राशय तट्ट भरला की मुलाने तिथेच, टेबलावरच, शू करायची असते, कारण झडपेची परीक्षा त्याच क्षणी होते. अडीच-तीन वर्षांच्या मुलीला घरी नुकतंच शिकवलेलं असतं की चड्डीत करायची नाही, सगळ्यांसमोर करायची नाही. इथे अनोळखी माणसं तिला धरून ठेवतात आणि ‘कर, कर’ म्हणतात. नव्वदच्या दशकात अमेरिकेत गेल गुडमन या मानसशास्त्रज्ञ भयंकर अनुभव मुलांच्या स्मरणात कसे राहतात याचा अभ्यास करत होत्या. तो अभ्यास करायला त्यांनी हीच तपासणी झालेली मुलं निवडली. याहून वेगळा पुरावा मला लागत नाही. तपासणी वाईट नाही, ती करणारे निर्दयही नसतात. पण ती मुलाला द्यायची तर कारण भक्कम हवं.

1999 साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने सांगितलं की, दोन महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलाला तापासह लघवीचा पहिलाच संसर्ग झाला तरी सोनोग्राफीबरोबर ही तपासणी करावी. त्यापुढची काही वर्षं म्हणजे या तपासणीचा सुकाळ होता. आणि नेमक्या त्याच काळात जुन्या साखळीच्या कड्या निखळायला लागल्या.

पहिली कडी गरोदरपणातल्या सोनोग्राफीने सैल केली. अनेक बाळांची, विशेषतः मुलग्यांची, मूत्रपिंडं जन्माआधीच नीट घडलेली नसतात हे दिसलं. एकही संसर्ग झालेला नसताना मूत्रपिंड खराब! म्हणजे ज्यांना संसर्गाचे व्रण समजत होतो त्यांतला मोठा वाटा घडणीतल्या दोषाचा होता. दुसरी कडी उपचाराची. शस्त्रक्रिया बरी की रोजचं औषध, अशा तुलना ऐंशीच्या दशकात झाल्या आणि दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या. पण काहीच न देता केवळ लक्ष ठेवलं तर काय होतं, हे कित्येक वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव हीच.

2003 साली पिट्सबर्गच्या अलेहांद्रो होबर्मन आणि सहकाऱ्यांनी पहिला ताप आलेल्या 309 मुलांच्या सगळ्या तपासण्या केल्या. 88 टक्के मुलांची सोनोग्राफी नॉर्मल होती, आणि जिथे काही वेगळं दिसलं तिथेही उपचार बदलला नाही. रिफ्लक्स 39 टक्क्यांत सापडला. पण त्यांनी रोखठोक लिहिलं: रिफ्लक्स शोधण्याला अर्थ आहे तो रोजच्या अँटिबायोटिकने फायदा होत असेल तरच. मग त्या फायद्याचीच तपासणी झाली. 2009 साली ऑस्ट्रेलियात 576 मुलांवरच्या चाचणीत वर्षभरात औषध न मिळालेल्या 19 टक्के मुलांना पुन्हा संसर्ग झाला आणि औषध घेणाऱ्या 13 टक्के मुलांना. फायदा आहे, पण लहान. 2014 च्या अमेरिकेतल्या रिव्हर चाचणीत रिफ्लक्स असलेली 607 मुलं होती. दोन वर्षांत औषधाने पुन्हा होणारे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले, पण नवे-जुने धरून व्रण दोन्ही गटांत सारखेच राहिले. शिवाय औषध चालू असताना जो संसर्ग झाला तो त्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा असण्याचं प्रमाण खूप वाढलं.

तोवर नियम बदलायला लागले होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2007 सालीच सांगून टाकलं की सहा महिन्यांवरचं मूल औषधाने 48 तासांत सुधारलं आणि आजार साधाच असेल, तर पहिल्या खेपेला एकही फोटो नको. अमेरिकेने 2011 साली पहिल्या तापानंतर सरसकट एमसीयू करू नका असं सांगितलं, सोनोग्राफी ठेवली. भारतातल्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक वर्षाच्या आतल्या बाळांना सोनोग्राफी, एमसीयू आणि डीएमएसए असं सगळं सांगितलं होतं. 2023 मध्ये भारतीय बाल-मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने तेही आवरलं. आता सोनोग्राफी करायची. एमसीयू करायची ती संसर्ग पुन्हा झाला तर, सोनोग्राफीत दोष दिसला तर, किंवा दोन वर्षांखालच्या मुलात ई. कोलाय सोडून दुसराच जंतू निघाला तर. डीएमएसए स्कॅन फक्त वारंवार संसर्ग आणि वरच्या पायरीचा रिफ्लक्स असलेल्यांना.

हे वाचून कोणी ‘आता या तपासण्यांची गरजच नाही’ असं समजू नये. मुलग्याची लघवीची धार बारीक पडते, थेंबथेंब होते, करताना कुंथावं लागतं, सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड दिसते. तिथे मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्याची शंका घ्यायची आणि एमसीयू लगेच करायची. तो पडदा वेळीच काढला नाही तर दोन्ही मूत्रपिंडं हातची जाऊ शकतात. त्या बाळाला नळीचा त्रास वाचवणं ही दया नव्हे.

आपल्याकडे दोन्ही टोकं एकाच तालुक्यात भेटतात. एका मुलाचा ताप लघवी न तपासता तीन अँटिबायोटिकं बदलून उतरवलेला असतो, तर दुसऱ्याच्या चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत जंतू निघाले म्हणून थेट स्कॅनपर्यंत मजल जाते. पिशवीत कातडीवरचे जंतू सहज मिसळतात. तो अहवाल निगेटिव्ह आला तर उपयोगाचा, पॉझिटिव्ह आला तर त्यावर विसंबू नये. तान्ह्या बाळाचा नमुना स्वच्छ धरलेला किंवा नळीने घेतलेला हवा. थोड्या मोठ्या मुलांत बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून धरायची सवय ही संसर्ग परत येण्याची फार मोठी कारणं असतात. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून दिवसभर न जाणाऱ्या मुलीला स्कॅन लिहून देण्याआधी तिला पोट रोज साफ होतं का, हे विचारायला हवं.

पालकांनी एवढं करावं. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी लघवीचं कल्चर पाठवलं का, हे विचारा आणि तो कागद जपून ठेवा. तपासणी लिहून दिली तर डॉक्टरांना शांतपणे विचारा की निकाल असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल. दोन्ही उत्तरं वेगळी असतील तर तपासणी करून घ्या. एमसीयू ठरली तर मुलाला आदल्या दिवशी त्याला कळेल अशा शब्दांत खरं काय ते सांगा, आणि तपासणी चालू असताना आई-वडिलांपैकी एकाला शिशाचा एप्रन घालून त्याच्या उशाशी उभं राहू द्या अशी विनंती करा.