काटा पडला म्हणून मीटर उघडू नका

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत ट्रॅक्टरच्या आरपीएम मीटरचा काटा पडला, तर मेकॅनिकने आधी केबल बघणं रास्तच. जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा इंजिनच केबलने मीटर फिरवतं, आणि डिझेलला ठिणगीचा प्लग लागत नाही, कॉइलही नाही. हाच हिशेब जुन्या पेट्रोल स्पोर्ट्‌स कारला लावला की घोटाळा होतो.

एमजीबीचंच घ्या. 1962 च्या पहिल्या गाड्यांत केबलच होती. 1964 नंतरच्या गाड्यांत मीटर ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला शंभर. त्यामुळे ‘काटा पडला, मीटर गेला’ हा निष्कर्ष घाईचा. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन बंद पडलं आणि चाकं इंजिनला फिरवत असूनही काटा झटकन शून्यावर आला, तर कॉइलचा पुरवठा किंवा पॉइंट तपासा. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर आधी पेट्रोलकडे बघा. हे दोन क्षण ज्याने नीट पाहिले, त्याचं निम्मं काम झालं.

‘मीटर बिघडला म्हणून इंजिन थोडंच बंद पडतं?’ पडतं. त्या काळच्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरमध्ये कॉइलकडे जाणारी पांढरी तार मीटरच्या पाठीमागून वळसा घेते. तिथला जोड सैल झाला की ठिणगीच बंद. पुढच्या मॉडेलांत मीटरला कॉइलवरून फक्त संकेत मिळतो. तिथे ही संकेताची तार तुटली तर काटा मेला तरी गाडी चालते.

काटा थरथरतो म्हणून नवी कॉइल घेणारे तर जागोजागी भेटतात. आधी झिजलेले पॉइंट, कंडेन्सर आणि सैल तारा बघा. साधा टेस्ट लॅम्प पुरतो: एक टोक कॉइलच्या डेल्कोकडल्या (डिस्ट्रिब्युटरकडल्या) टर्मिनलला, दुसरं बॉडीला, आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. सतत पेटला तर ते मिटतच नाहीत. पेटलाच नाही, तर पुरवठा तुटलाय किंवा पॉइंट उघडत नाहीत. मग तोच दिवा कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावून बघायचा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर जुना स्मिथ्स मीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, कधी गप्पही बसतो. आणि सहा सिलिंडरचा मीटर चारवर लावला, तर 3000 ला काटा 2000 च दाखवेल.